खोटा पास

प्रिय खारूताई,

तुझा निरोप मिळाला. धाकट्या बहिणीला डॉमिनो शिकायचा आहे, रविवारच्या डावाला चौथा भिडू हवा आहे, आणि ‘तुझ्यासारखं नीट कुणी समजावत नाही, लिहून पाठव ना गं’ असं तू म्हणतेस. बाकी अवाक्षर नाही. इतक्या दिवसांनी आठवण झाली, तीही सोंगट्यांसाठी. ठीक आहे, लिहिते.

सोंगट्या अठ्ठावीस. प्रत्येकीच्या मधोमध रेघ आणि रेघेच्या दोन्ही बाजूंना शून्यापासून सहापर्यंत ठिपके. ज्यांच्या दोन्ही बाजू सारख्या, त्या दुहेरी. सगळ्या पालथ्या घालून पिसायच्या, चौघांनी सात-सात उचलायच्या आणि आपल्यालाच दिसतील अशा उभ्या ठेवायच्या. समोरासमोर बसलेले दोघे एकमेकांचे भिडू. दुहेरी सहा ज्याच्याकडे असेल, तो ती मांडून सुरुवात करतो. मग पाळीपाळीने रांगेच्या कुठल्याही एका टोकाला जुळणारी सोंगटी लावायची. टोकाला तीन असेल तर तीनच. ज्याच्या सोंगट्या आधी संपल्या, त्याची बाजू जिंकली. फोरमनकाकांनी मला याहूनही कमी सांगितलं होतं : ‘बस, हर, शीक.’

खरा खेळ पासपासून सुरू होतो. जुळणारी सोंगटी नसेल तर टेबलावर टकटक करून ‘पास’ म्हणायचं. आपल्याकडे काय नाही, हे असं सगळ्यांना कळतं आणि भिडू त्यावरच पुढची चाल ठरवतो. आपल्या लिफ्टच्या कारखान्यात जेवणाच्या सुट्टीत सुट्या भागांच्या खोक्यावर आपण खेळायचो, तेव्हा पहिल्याच दिवशी तू विचारलं होतंस, ‘पण असून पास म्हटलं तर कुणाला कळणार?’ सगळे हसले, फोरमनकाका सोडून. ते म्हणाले, ‘पोरी, चूक झाली तर डाव जातो. खोटा पास दिला तर भिडू जातो.’ बहिणीला हे ठिपके मोजायला शिकवायच्या आधी सांग.

आता पुढचं तिला वाचून दाखवू नकोस.

रुग्णालयाच्या नव्या इमारतीतल्या लिफ्टची चाचणी आपण दोघींनी केली. पूर्ण वजन भरून लागोपाठ फेऱ्या झाल्या, ब्रेक तापला, आणि तिसऱ्या मजल्यावर थांबलेली लिफ्ट खाली सरकली. माझ्या अंदाजाने चार बोटं. तू माझं कोपर धरून ओरडलीस, ‘अगं बाई, घसरली की गं ही!’ मोजायचं यंत्र तेव्हा लावलेलं नव्हतं. ते लावून होईपर्यंत ब्रेक निवला आणि आकडे स्वच्छ आले. बैठकीत मी घडलं तेवढंच सांगितलं. साहेबांनी तुला विचारलं. तू पाण्याच्या ग्लासाकडे बघत म्हणालीस, ‘मला तसं काही जाणवलं नाही.’ साहेब मला म्हणाले, ‘काय मोजपट्टीबाई, यंत्रापेक्षा तुमचे पाय हुशार?’ सगळे हसले. तूही हसलीस. साहेबांचा मला राग नाही. ते समोरच्या बाजूचे होते.

मी आता गोदामात स्क्रू आणि रबरी पट्ट्या मोजते. माझ्या जागी तू चाचणी गटाची प्रमुख झालीस, हे मला चहावाल्याकडून कळलं. पेढे मागत होता बिचारा, मैत्रीण म्हणून. माझं चुकलं असतं तर तू तोंडावर सांगितलं असतंस, असं मी धरून चालले होते. तुला घर चालवायचं आहे, बहिणीचं शिक्षण आहे, हे मला ठाऊक आहे. म्हणूनच बरेच दिवस मी तुझ्या बाजूने कारणं शोधत होते. पण दर वेळी त्या लिफ्टच्या उंबऱ्याशी येऊन थांबते : उद्या एखाद्या स्ट्रेचरची पुढची चाकं बाहेर, मागची आत, आणि लिफ्ट सरकते आहे.

म्हणून मी रुग्णालयाच्या अभियंता बाईंकडे गेले. बाईंनी शांतपणे ऐकून घेतलं. मंगळवारी सकाळी पुन्हा चाचणी आहे, ब्रेक तापवून, आणि यंत्र पहिल्या फेरीपासून लावलेलं असेल. त्या दिवशी लिफ्टमध्ये आणखी कोण होतं, असं त्यांनी विचारलं. मी तुझं नाव सांगितलं. तू काय ओरडलीस, ते सांगितलेलं नाही. तो शब्द तुझा आहे. लिफ्ट पुन्हा घसरली तर यंत्रच बोलेल आणि मग तुझ्या साक्षीची कुणाला गरज उरणार नाही. मलाही नाही. सोमवारी संध्याकाळपर्यंत त्या बाई कार्यालयात असतील. तळमजला, जिन्याच्या उजवीकडचं दार. हे सांगायलाच पत्र लिहिलं.

मंगळवारपर्यंत तरी तुझीच,
मोजपट्टी