आरशामागचा ठेका

३ नोव्हेंबर
लागली बाई एकदाची नोकरी! काशिमीऱ्याहून वरसाव्याकडे जाताना हायवेला लागूनच हा ऑर्केस्ट्रा बार आहे, ‘गुलछडी’. खाली बार, वर आम्हा बायकांच्या खोल्या. मिरजेकडच्या जत्रांमधून गाताना धूळ खाऊन खाऊन घसा खरवडला होता. इथे चक्क एसी आहे.

मॅनेजर जितेशने ऑडिशन घेतली तिचं मला अजून हसू येतंय. सूर विचारला नाही, ताल विचारला नाही. म्हणाला, मी टेबल बडवतो, तू गा, माझं बडवणं मला ऐकू येता कामा नये. आणि बाटलीच्या बुडाने मेल्याने असं टेबल बडवलं म्हणता! पण मीही काही कमी नाही. असा आवाज लावला की बाहेरचा वॉचमन धावत आत आला. आई म्हणायची, हिच्या घशात देवाने भोंगा बसवलाय. आज तोच भोंगा कामी आला.

आधीची गायिका मंदा घसा बसला म्हणून गेली म्हणे. तिच्या दोन जरीच्या साड्या कपाटात तशाच आहेत. असल्या साड्या टाकून कोणती बाई जाते? मी घडी घालून वरच्या फळीवर ठेवल्यात, कधी आली तर नेईल.

६ नोव्हेंबर
खोलीत माझ्यासोबत पिंकी आहे. भाईंदरची, केबिन रोडच्या मागे घर. घरी सांगितलंय कॉल सेंटरला आहे म्हणून. ऑर्डर घेते, जमलं तर दोन गाण्यांवर नाचते आणि अर्धं हिंदी अर्धं मराठी अखंड बडबडते. दमा आहे तिला. पंप सतत जवळ लागतो, आणि ही बया तो सतत कुठेतरी विसरते. मी ओरडले की ‘ताई, ताई’ करत गळ्यात पडते. मला बहीण नव्हती, आता आहे.

ठेका धरायला ऑक्टोपॅडवर मेल्विन असतो, उत्तनचा. घरची सुकी मासळी आणून देतो. भला माणूस आहे, पण मेकअप रूममध्ये पाय ठेवत नाही. विचारलं तर म्हणाला, आपल्याला काय काम न्हाय तिथं.

९ नोव्हेंबर
मेकअप रूममध्ये भिंतभर आरसा आहे ना, तो दरवाजा आहे! मागे कपाटाएवढी जागा. खिडकी नाही, झरोका नाही, आणि आतून उघडायला कडी नाही. बारच्या लायसन्सवर आम्हा मोजक्याच जणींची नावं आहेत. त्याबाहेरची एकटी पिंकी. पोलिसांच्या रेडची घंटा वाजली की तिने आत जायचं, मी आरसा ढकलून लावायचा आणि लगेच स्टेजवर येऊन गायचं. स्टेजची मागची भिंत आणि त्या कपाटाची भिंत एकच. जितेशने बजावलंय, मागून काहीही ऐकू आलं तरी त्याच्यावर गायचं.

माझं नाव लायसन्सवर आहे याची मला घमेंडच वाटली. आज पिंकीला आत घालून बघितलं. बाहेर आली तेव्हा ओठ निळे पडले होते पोरीचे. रात्री माझा हात धरून विचारलं तिने, ताई, मी ठोकलं तर उघडशील ना? मी आईची शपथ घेतली.

१४ नोव्हेंबर
लिहायलाच पाहिजे. नाहीतर मी वेडी होईन.

काल घंटा वाजली. पिंकी आत गेली, मी आरसा लावला आणि वळले तर तिचा पंप टेबलावर, कुंकवाच्या डबीशेजारी. तेव्हाच उघडायला हवं होतं. पण जितेशने हाताला धरून स्टेजवर ढकललं, आणि मला वाटलं, पाच मिनिटांचा तर प्रश्न आहे.

पोलीस बसलेच. कागद बघत बसले. मग मागून ठोकल्याचा आवाज आला. आधी हळू, मग दोन्ही मुठींनी. मी जितेशकडे बघितलं. त्याने तळवा वर केला: आवाज चढव. मी चढवला. ती आणखी जोरात ठोकायला लागली. मी आणखी चढवला. शपथ घेतलेल्या तोंडाने मी वरच्या पट्टीत प्रेमाचं गाणं गात होते आणि माझी बहीण भिंतीवर डोकं आपटत होती.

मग ठोकणं थांबलं. खरं लिहिते, मला बरं वाटलं.

आरसा उघडला तेव्हा ती उभीच होती. आडवं पडायला जागाच नव्हती. नखं उपटलेली, कपाळ फुटून पांढरं हाड दिसत होतं. आरशाच्या मागच्या फळीवर रक्ताचे फराटे. जितेशने आणि वॉचमनने तिला पडद्यात गुंडाळलं आणि वरसाव्याच्या खाडीकडे नेलं. परत येऊन जितेशने माझा फोन काढून घेतला. म्हणाला, आरसा तू लावलास, बोललीस तर केस तुझ्यावर.

१७ नोव्हेंबर
आज गायला लावलं. दुसऱ्या कडव्याला मागून ठेका सुरू झाला. धप्. धप्. धप्धप्. गिऱ्हाइकांनी टाळ्या धरल्या, वन्स मोअर म्हणाले. जितेश खूश, मेल्विनला म्हणाला, हाच ठेका रोज ठेव.

मेल्विनचे दोन्ही हात मांडीवर होते.

१९ नोव्हेंबर
सकाळी उठले तर माझे तळवे सुजलेले. तीन नखं तुटलीत. पाठीवर मुठींएवढे काळेनिळे डाग. तोंड दाबून बुक्क्यांचा मार म्हणतात तो हाच. कुणाला सांगू?

मेल्विन निघून गेला. जाताना रडला. म्हणाला, घसा बसल्यावर मंदाचं नाव बी लायसन्सवरनं काढलं. ती बी आतच गेली. तवा मीच वाजवत होतो. तू पळ.

पळाले. जितेशने गेटवरून झिंज्या धरून आणलं. जिन्याच्या प्रत्येक पायरीवर माझं तोंड आपटलं. दात गेलाय पुढचा.

२१ नोव्हेंबर
भरदुपारी, बार बंद असताना ठेका. जितेश शिव्या देत गेला आणि आरसा उघडला. मी दारात होते. मी पाहिलं. आतून हात आला, नखं नसलेला. त्याचे केस धरले आणि कपाळ चौकटीवर— धप्, धप्, धप्धप्— त्याच ठेक्यात. डोळा फुटला. सोडवायला त्याने चौकट धरली तर आरसा आपोआप मिटला. दोन बोटं खाली पडली, अंगठीसकट.

तो किंचाळत होता. मी गायले नाही. ऐकू जाऊ दे सगळ्या हायवेला.

पिंकी, मलाही धर गं. मी कुठे जाणार आहे.

२३ नोव्हेंबर
आवाज गेला. फुंकरीसारखी हवा येते नुसती.

दोन दिवस वॉचमनने गेटला कुलूप घातलं होतं. आज जितेश परत आलाय, डोळ्याला पट्टी, हाताला पट्टी. खाली बाटलीने टेबल बडवत होता. आणि त्याच्यावर एक नवा आवाज— कोवळा, दणदणीत. संपदा नाव. हसत होती ऑडिशन झाल्यावर.

लायसन्सवरून माझं नाव काढलं.

२४ नोव्हेंबर
संपदाला सगळं सांगितलं. पळ म्हटलं. तिला वाटलं मी जळते तिच्यावर. पाया पडले. म्हटलं बरं, एवढं तरी कर, मी ठोकलं की उघड.

तिने आईची शपथ घेतली.

२५
घंटा. मी चौकट धरून बसले होते. जितेशने बोटांवर बूट— केस धरून ओढत आत—

वही पोटाशी खोचलेली होती. अंधारात लिहितेय. ओळी कुठे जातायत कोण जाणे. बाजूला शिट्टीसारखा श्वास. पिंकीचा. पलीकडे जरीची साडी सळसळते.

हवा संप—

ठोकतेय. त्या दोघीही ठोकतायत.

गाणं अडखळलं. ऐकलं तिने! थांबली. उघडेल आता, शपथ घेतलीय पोरीने, आईची—

नाही. नाही गं. संपदा, आवाज नको चढ—