हसू मागाहून आलं

प्रिय बटण,

सगळ्यात आधी आले ते तुझे शब्दकोशाचे सर. मी आपली भांडी पालथी घालत होते, तर दारात हे उंच गृहस्थ, हातात सफरचंदांची पिशवी. त्यांना वाटलं, तू बाळंतपणाला माझ्याकडेच आहेस. म्हटलं, बाळंतीण अजून दवाखान्यात आहे, पण पणजी सापडलीये, बसा. ते बसले नेमके तुझ्या आजोबांच्या डुगडुगत्या खुर्चीत. मी सांगणार होते, पण तोवर उशीर झाला होता. मग बिचारे सारा वेळ एका पायावर जोर देऊन बोलत होते.

तुझं कौतुक फार. म्हणाले, तुमची नात रजेवर गेली आणि आमच्या कोशातला ‘विस्मय’ हा शब्द अडून बसला. मी म्हटलं, त्यात अडण्यासारखं काय? नवल वाटतं तो विस्मय, झालं. तर म्हणे, नुसतं नवल नाही आजी. आपल्याहून फार मोठं काही समोर आलं की बोलणं खुंटतं, हात आपोआप जुळतात, ते. आणि त्याचं मूळ हसण्यात आहे म्हणे. स्मित आणि विस्मय एकाच धातूचे. धातू म्हटल्यावर मला तांब्या-पितळेशिवाय काय आठवणार, पण मान डोलावली. चहा तेवढा चांगला झाला होता.

ते उठतायत तोच तुझ्या सासूबाई आणि आमचे नातजावई आले. सासूबाई आल्या आल्या बाळाच्या नाकाचं सांगायला लागल्या. ते त्यांच्या घराण्याचं आहे म्हणे. असू दे, नाक त्यांचं, कान आपले. मला इतका आनंद झालाय की शेजारणीला तीच बातमी दोनदा सांगून आले.

सर गेले आणि सासूबाईंचा आवाज खाली आला. म्हणाल्या, ती बाळाला पाजते, पुसते, खाली ठेवते आणि भिंतीकडे तोंड करते. जावई बुटाच्या नाडीशी खेळत होते. मग म्हणाले, आजी, ती म्हणते मला काहीच वाटत नाही, मी आई व्हायच्या लायकीचीच नाही.

बटण, तुझ्या बापाला माझ्या कुशीत दिलं ना, तेव्हा बस स्टँडवर कुणी जरा धरा हं म्हणून आपलं गाठोडं देऊन जातं, तसं वाटलं मला. मी धरून बसले. मालक येईल म्हणून. लोक म्हणत, काय गोड पोर आहे, मी म्हणे हो ना. पाजलं, दुपटी धुतली, वाळत घातली. दात काढताना डॉक्टर सुई देतात, तसं सगळं अंग बधिर. दुखतही नव्हतं.

तेव्हा मी शर्टाच्या कारखान्यात काजं करायचे. बारीक काम म्हणजे काय ते माझ्या डोळ्यांना विचार. एका सुट्टीच्या दुपारी तुझ्या बापाची नखं काढायला बसले. करंगळीचं नख, कणीएवढं. त्याच्याही कडेनं कातडी अशी बसवलेली की एक टाका इकडचा तिकडे नाही. माझा हात थांबला. असलं काम मी जन्मात पाहिलं नव्हतं, आणि ते माझ्याच पोटात झालं होतं, मला न विचारता. हसू कुठलं, भीतीच वाटली. कात्री हातात घेऊन नुसती बसून राहिले. हसू पुष्कळ दिवसांनी आलं, भांडी घासताना, उगाच. सर म्हणतात तर असेल ते ‘विस्मय’ शब्दात. माझं मागाहून आलं.

हे तुझ्या बापाला कधी सांगितलं नाही. तुला लिहितेय, कारण तू फोन घेत नाहीस. कागद उशाशी पडून राहील, मन होईल तेव्हा वाच. काही वाटत नसताना पाजतेयस, म्हणून तू आई नाहीस असं कुणी सांगितलं तुला? डॉक्टरीणबाईंशी बोलायला जावयांना बजावलंय, तूही बाईंपासून काही लपवू नकोस. मी येतेय. बाळ माझ्याकडे दे आणि हवी तेवढी भिंतीकडे तोंड करून झोप. कसं वाटतंय म्हणून मी विचारणार नाही, कुणाला विचारूही देणार नाही. सासूबाई आणि जावई मला न्यायला गुरुवारी परत येतो म्हणून गेलेत.

तुझीच,
आजी