धाकटीसाठी मोकळी केलेली खोली

४ एप्रिल
धाकटीला आपल्याकडे राहायला आणायचं ठरलं. म्हणजे मी ठरवलं, तिला अजून सांगायचं आहे. धाकटी म्हणजे ह्यांची बहीण, माझी एकुलती एक नणंद. लग्न केलं नाही. हॉस्पिटलात एक्स-रे काढायची, आता रिटायर होऊन दोन खोल्यांत एकटी. हे जाऊन तीन वर्षं झाली, तेव्हापासून तिच्याकडे बघायला माझ्याशिवाय कोण आहे? माझं सोडा. मला सवय आहे.

६ एप्रिल
मागची खोली मोकळी केली. ह्यांचे बूट, छत्र्या, जुनी मासिकं माळ्यावर. पलंग खिडकीखाली सरकवला. बरा लागतो का ते पाहायला बसले. तासभर बसले. उजेड छान येतो.

९ एप्रिल
फोनवर विचारणं बरं दिसत नाही. दोघींसाठी एका दिवसाची ट्रिप बुक केली. व्हॅनमध्ये आठच माणसं. सकाळी डोंगरातली नैसर्गिक तळी, दुपारी तिकडचं जेवण, शेवटी एका भट्टीवर फळांच्या दारूची चव. चवच फक्त. धाकटीला पोहण्याचं वेड आहे. दोघी पोहत असताना सहज विषय काढीन. मीही शाळेत पोहायचे. काठ धरून, पण पोहायचे.

१४ एप्रिल
स्विमसूट आणला. दुकानातली बाई म्हणाली, एक साइझ मोठा घ्या. घेतला नाही. अजून अकरा दिवस आहेत. संध्याकाळचं जेवण बंद.

२४ एप्रिल
वजन तेवढंच. काटा जुना झालाय. उद्याचं वाक्य आरशासमोर पाठ केलं: ‘खोली रिकामीच पडून आहे, तुलाही बरं पडेल.’ सहज वाटतं. उपकार केल्यासारखं अजिबात वाटत नाही.

२५ एप्रिल, सव्वाअकरा
तळ्याकाठी खडकावर बसून लिहिते आहे. पाणी हिरवंगार, पायाचा अंगठा घातला तर कळ डोक्यात गेली. धाकटी सूर मारून थेट पलीकडच्या काठाला. तिच्याबरोबर व्हॅनमधली एक रिटायर्ड नर्स. दोघी खिदळतायत. मी सर्दीचं कारण सांगितलं. स्विमसूट आत घातलेला आहे, वर ड्रेस, वर स्वेटर. श्वास पुरत नाही. विषय जेवताना काढीन.

दुपारी अडीच
जेवण झालं. लांब टेबल, भाजलेला मासा, भोपळ्याचं सूप, काळा पाव. नर्सबाई आमच्या दोघींच्या मधे बसल्या. समोर एक दातांचे डॉक्टर, काटा कसा काढावा ते सगळ्यांना शिकवत होते. अशात कसा विषय काढणार? भट्टीवर काढीन. तिथे माणूस जरा मोकळा होतो.

२७ एप्रिल
काल दिवसभर डोकं धरून पडून होते. लिहिणार नव्हते. पण लिहून टाकलं की विसरता येतं.

भट्टीवाल्याने पाच छोटे पेले मांडले. एकेक घोट घ्या, म्हणाला, उरलेली या बादलीत ओता. बादलीत! आमच्या कॉन्व्हेंटमध्ये जेवणाच्या हॉलच्या दारात सिस्टर उभ्या असायच्या. ताटात, ग्लासात थेंब जरी उरला तरी बाहेर सोडायच्या नाहीत. पन्नास वर्षांत मी काही टाकलेलं नाही. पाचही पेले संपवले. धाकटी प्रत्येकात निम्मं ठेवत होती, तेही संपवलं. नर्सबाईंचंही. भट्टीवाला माझ्याकडे कौतुकाने बघतोय असं मला वाटत होतं.

परतताना मी चालत्या व्हॅनमध्ये उभी राहिले. शाळेत एलोक्यूशनचं बक्षीस मिळवलेली मी. शब्द अगदी सुटे, स्वच्छ येत होते. धाकटीच्या खांद्यावर हात ठेवून सगळ्यांना सांगितलं, ‘ही माझी नणंद. बिचारीला कोणी नाही. मी हिला ठेवून घेणार आहे.’ दातांच्या डॉक्टरांनी टाळ्या वाजवल्या. बाकी कोणी नाही. मग मला ओकारी आली. ड्रायव्हरने गाडी थांबवायच्या आत आली. धाकटीने माझं कपाळ धरलं, आपल्या टॉवेलने माझं तोंड पुसलं, नर्सबाईंनी माझा स्वेटर काढला. त्या घट्ट स्विमसूटचे बंद सगळ्यांनी पाहिले.

३ मे, रविवार
तिचा फोन आला नाही. दर रविवारी येतो. कामात असेल. व्हॅनमध्ये काय बोलले ते कोणाच्या लक्षात राहणार? सगळेच प्यालेले होते.

नव्हते. सगळ्यांनी बादलीत ओतली होती.

८ मे
धाकटी आली. मी टॉवेल धुऊन इस्त्री करून ठेवला होता, तो आधी हातात दिला. चहा केला. खोलीचं दार मुद्दाम उघडं ठेवलं होतं. तिने आत डोकावलं, पलंगावरची नवी चादर बघितली, आणि परत येऊन बसली.

“वहिनी, मला कोणी नाही हे तुम्हाला कोणी सांगितलं?”

मी म्हटलं, अगं, ती दारू बोलत होती.

“दारूला माझ्याबद्दल काय माहीत?”

मग रागावल्याशिवाय सांगत गेली. मंगळवारी गाण्याचा ग्रुप असतो. हॉस्पिटलातल्या पाच जणी महिन्यातून एकदा जेवायला जमतात. खालच्या मजल्यावरची म्हातारी रोज हिच्याकडून पेपर वाचून घेते. नर्सबाईंबरोबर आता शनिवारी पोहायला जाणार आहे. मला यातलं काहीच माहीत नव्हतं. मी कधी विचारलं नव्हतं.

मी जरा तोऱ्यात म्हटलं, मग दर रविवारी मला न चुकता फोन का करतेस?

तिने कप खाली ठेवला.

“दादाने सांगितलं होतं. शेवटी शेवटी. म्हणाला, हिला कोणी नाही, तू बोलत जा.”

मी म्हटलं, चहा गार होतोय. दुसरं काय म्हणणार होते? ‘ये ना गं इथे’ एवढंच म्हणायचं होतं. तिने चहा पूर्ण प्यायला, कप स्वतः विसळला.

१० मे, रविवार
आज फोन मीच करायचा असं परवा ठरवलं. नऊला करणार होते. ती झोपली असेल म्हणून दहा केले. दहाला वाटलं, आपण करतोय तेवढ्यात तिने लावला तर एन्गेज्ड लागेल, आणि परत करायचा कंटाळा करील.

साडेअकरा झाले. अजून आंघोळ केलेली नाही. नळ सोडला की फोनची रिंग ऐकू येत नाही.