नंबर २१४ची डांगरी

३१ मे १९९९, अर्दिया

चिनी कामगारांच्या कॅम्पच्या डांगऱ्या धुऊन निघाल्या. २१४च्या खिशात फोटो राहिलेला — मोठ्या चौकात चार पोरं, डोक्याला पांढऱ्या पट्ट्या, मागे माणसंच माणसं. चेहरे पाण्याने पुसट झालेत. वाळवला. आपल्या लाँड्रीचा नियम: खिशातलं काही असो, पाकिटात घालायचं, वर नंबर टाकायचा, कपड्यांबरोबर कॅम्पच्या ऑफिसात. आखाती लढाईनंतर एका इस्त्रीवर पुन्हा सुरुवात केली, ती या नियमावरच इथवर आली.

२ जून

भाचा साबीर कपडे पोचवून आला. म्हणे, "मामू, फोटो बघून तिथल्या चिनी मॅनेजरचा चेहराच उतरला. दोनदा विचारलंन, नंबर नक्की ना?" मी म्हटलं, आपला नंबर कधी चुकलाय?

४ जून, शुक्रवार

भर उन्हात २१४ स्वतः दारात. लिन, वेल्डर. आपल्या फिटर लोकांत राहून हिंदी शिकलाय. "भाई, जेब में फोटो था?" मी ऐटीत सांगितलं, ऑफिसात पोचलासुद्धा. तो मळक्या कपड्यांच्या ढिगावर बसला.

मग बोलला, भिंतीकडे बघत. दहा वर्षांपूर्वी, बीजिंग, आजचीच तारीख. विद्यार्थी चौकात उपाशी बसले होते, हा कारखान्यातला. फौज येऊ नये म्हणून यांनी रस्त्यावर बसेस आडव्या घातल्या. "वो गोली चलाया. हम सोचा, हवा में." फोटोतले दोघे तिथेच गेले, तिसरा अजून तुरुंगात. हा चुलतभावाच्या कागदांवर इथे आला. परत पाठवला तर संपला.

म्हटलं, तू गप्प राहा. मी बघतो.

५ जून

मॅनेजरकडे गेलो, हसत, खजुराचा डबा घेऊन. म्हटलं, नंबर टाकताना चूक झाली. "आठ वर्षांत झाली नाही ती, मिस्टर महबूब?" तेव्हा दुसरं सुचलं — डांगरी जुनी आहे, हा नंबर आधी झाओचा होता, फोटो त्याचा राहिला असेल. झाओ सुतार, एप्रिलमध्येच कायमचा गावी गेला. मॅनेजरने नाव लिहून घेतलं.

बाहेर आलो तो अंग हलकं. घरी पोचलेल्याला कोण काय करणार? आम्हा लोकांचं तर तसंच — विमान सुटलं की ना पासपोर्ट धरून बसणारा कफील, ना पोलीस. माणूस सुटला.

८ जून

लिनला सांगितलं. वाटलं, मिठी मारेल.

"भाई, पुलिस तो उधर है. झाओ का घर भी उधर है. दो लड़की है उसका."

एवढंच. मी दुसरं काही सुचवायच्या आत उठून गेला.

९ जून

दिवसभर इस्त्रीला हात लावला नाही. साबीर विचारतोय, मामू, ताप आहे का?

११ जून

लिनने स्वतःच ऑफिसात जाऊन सांगितलं, फोटोतला एक मी. काल त्याला विमानात बसवला. तिकडे झाओला धरला होता का, धरला तर आता सोडला का, हे इथे कुणालाच विचारता येत नाही.