चेनकव्हरवरचा पिवळा रंग

अण्णा,

तुमची सायकल येत्या रविवारी ठाण्याला जाणार आहे. डोंबिवलीची आपली बिल्डिंग अखेर पाडायला घेतायत. इतकी वर्षं नुसत्या मीटिंगा आणि भांडणं चालली होती, आता खरंच नोटीस लागली आहे. पुढच्या महिन्यात आम्ही दोघं नवरा-बायको भाड्याच्या जागेत जाऊ. तिथे तिसरा मजला आहे, लिफ्ट मनात आलं तर चालते, आणि जिन्याखाली पाण्याचा पंप बसवलाय. सायकल ठेवायला जागा नाही हे मी पहिल्याच फेरीत बघून आले आणि मला हायसं वाटलं. तुम्ही गेल्यावर आम्ही इथे राहायला आलो, तेव्हापासून ती जिन्याखाली उभी आहे आणि मी तिची राखण करते आहे. तेल द्यायचं, फडकं मारायचं, कोणाच्या पोराने घंटी पळवली की घरोघरी विचारत फिरायचं, भंगारवाल्याला आत सोडू नका म्हणून प्रत्येक नव्या वॉचमनला बजावायचं. लोकांना वाटतं, वडिलांवर केवढी माया. माया आहेच, पण दमले हो मी. वस्तू सांभाळणं हे माणूस सांभाळण्याइतकंच काम असतं, फक्त संध्याकाळी कोणी विचारत नाही की जेवलीस का.

तुमच्या नातवाने बंगळुरूत बसून फोनवर निकाल दिला, "आई, देऊन टाक ना, किती जीव टाकतेस!" आणि तिचा फोटो जुन्या सायकलवाल्यांच्या एका व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर टाकला. ठाण्यापासून कल्याणपर्यंतची ही माणसं. दर रविवारी सकाळी तलावाशी जमतात, आपापल्या लोखंडी सायकली भिंतीला टेकवतात आणि चहा निवेपर्यंत भांडतात. मलाही त्यांनी ग्रुपमध्ये घेतलं. फोटो पडला आणि दोन दिवस माझा फोन नुसता टिंगटिंग करत होता. मूळ रंग बाटलीचा हिरवा की काळा, मडगार्डवर सोनेरी रेघ एक की दोन, ब्रेकचे रबर जुन्या मापाचे अजून कुठे मिळतात. एकाने तर मूळ रंग खरवडून नवा देणं हे पाप आहे असं लिहिलं, त्यावर दुसऱ्याने गंज चढू देणं हे पुण्य का, असं विचारलं. तुम्हाला मजा वाटली असती. मला आधी मजा वाटली, मग मी फोनचा आवाज बंद केला.

गेल्या रविवारी दोघं जण सायकल बघायला आले. एक ठाण्याचे गृहस्थ, कोर्टात नोकरी करून निवृत्त झालेले, बोलणं अगदी स्वच्छ आणि सावकाश. दुसरी कल्याणची मुलगी, इंजिनियर आहे, केस आखूड, खांद्याला हत्यारांची पिशवी. गृहस्थांनी सायकल जिन्याखालून उजेडात घेतली, चाक फिरवलं, ब्रेक दाबला आणि कपाळाला आठ्या घातल्या. "मागचा उत्तम आहे, पण पुढचा नुसता शोभेला ठेवलाय की काय? रॉडचा नट मुद्दाम सैल केलेला दिसतो." मी म्हटलं, हो, वडिलांनी केला तो. त्यांना वाटलं आपल्याकडची जुनी समजूत, पुढचा ब्रेक दाबला की माणूस उलटा पडतो. मी तेवढ्यावर सोडून दिलं. लहानपणी गल्लीच्या उतारावर मी पुढचा ब्रेक गच्च दाबून हँडलवरून उडाले होते आणि हनुवटी फुटली होती, हे त्यांना कशाला सांगायचं. तुम्ही धावत आलात ते आधी माझ्यावर ओरडलात. "मागचा आधी म्हणून सांगितलं होतं ना? कान कुठे असतात तुझे?" भर गल्लीत, सगळ्यांसमोर. मग डॉक्टरकडे नेलंत आणि घरी आल्यावर शर्टही न बदलता पाना घेऊन खाली बसलात. त्यानंतर तो ब्रेक कधी लागला नाही. तुम्ही स्वतः नोकरी संपेपर्यंत एका ब्रेकवर मानपाड्याचा रस्ता काढलात. माझ्यासाठी केलं असं कधी म्हणाला नाहीत. आई म्हणाली, तेव्हा मला कळलं.

तुमचं सगळं असंच होतं. तोंडाने बोलायचं ते रागवायला, बाकीचं हाताने.

मग रंगाचा विषय निघाला. मी त्यांना सांगितलं की वडील एमआयडीसीत रंगाच्या कारखान्यात होते, गिऱ्हाइकाने दिलेल्या तुकड्याशी रंग जुळवून देण्याचं काम. पत्र्याची पट्टी डब्यात बुडवायची, वाळवायची, खिडकीशी नेऊन तुकड्याशेजारी धरायची, परत थोडा निळा, परत थोडा काळा. नमुन्याचे उरलेले डबे घरी यायचे आणि दर वर्षी खंडेनवमीला सायकलला नवा रंग. दसऱ्याला लोक गाड्या धुतात, तुम्ही रंगवायचात. तुमचा तो ठरलेला कार्यक्रम मला आत्ताही दिसतो. जिन्याखाली वर्तमानपत्रं पसरलेली, सायकल उलटी करून सीटवर उभी, तुम्ही बनियनवर, आणि ब्रशचा हात एकाच दिशेने. आई वरून ओरडते आहे की रांगोळीवर थेंब पाडू नका. दुसऱ्या दिवशी पूजेला रंग पुरता वाळलेला नसायचा, तरी झेंडूची माळ घालायची घाई. एका वर्षी, राखाडी रंगाच्या वर्षी, माळ चिकटूनच बसली. ओढून काढली तर पाकळ्या चेनकव्हरवर राहिल्या. मी आणि आई पोट धरून हसलो, आणि तुम्ही पाकळ्या नखाने खरवडत म्हणालात, "हसा. पुढच्या वर्षी तुम्ही रंगवा." पुढच्या वर्षी मी त्या घरात नव्हते.

हे ऐकून त्या मुलीचे डोळे चमकले. "म्हणजे काकू, खाली सगळी वर्षं आहेत! एक छोटीशी खिडकी काढू? प्रॉमिस, रुपयाएवढी." तिने पॉलिश पेपर पाण्यात भिजवला आणि चेनकव्हरच्या मागच्या बाजूला गोल गोल घासायला लागली, मधोमध जास्त, कडेला कमी. हळूहळू रंगांची वलयं दिसायला लागली. सगळ्यांत वर तुमचा शेवटचा काळा. त्याच्या खाली निळा, मग कुठला तरी पोपटी, माझ्या मुलाला तो आवडायचा. मग आणखी दोन-तीन. मग तपकिरी. आणि तपकिरीच्या खाली पिवळा. ती थांबली, बोटाने पाणी पुसलं, भिंग लावून बघितलं. "पिवळ्याचे दोन थर आहेत. एकावर एक. बाकी कुठलाच रंग दोनदा नाहीये." पिवळ्याच्या खाली राखाडी होता, आणि राखाडीत झेंडूच्या पाकळीचा खड्डा तसाच.

अण्णा, त्या खड्ड्यात मी माझं नख घालून बघितलं.

लहानपणी दर वर्षी तुम्ही विचारायचात, या वेळी कुठला रंग. आणि दर वर्षी मी म्हणायचे, पिवळा. "पिवळी सायकल? मी काय सर्कशीत कामाला जातो?" हे तुमचं ठरलेलं उत्तर. पिवळा उन्हात टिकत नाही, पिवळ्यावर डाग दिसतो, कारखान्यात यंदा पिवळा निघालाच नाही. विचारायचात मात्र न चुकता. राखाडीच्या पुढच्या उन्हाळ्यात मी लग्न केलं. ह्यांचं घर कल्याणचं, मागच्या पिढ्या मिठागरांवर राबलेल्या, आणि आपण कोकणातले, आपल्याकडे असं जातीबाहेर कोणी केलेलं नव्हतं. तुम्ही ओरडलाही नाहीत. रजिस्टरच्या दिवशी नेहमीच्या वेळेला डबा घेऊन कामावर गेलात. मी चुकले असं मला तेव्हा वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. पण कल्याण ते डोंबिवली एवढंसं अंतर, आणि दोन दसरे मी तुमच्याकडे सोनं द्यायला आले नाही, कारण या असं कोणी म्हटलं नाही.

मग चैत्रात आईचा निरोप आला, दोघं या. आम्ही आलो तर तुम्ही जिन्याखालीच उभे होता. ह्यांनी आपलं काहीतरी करायचं म्हणून सायकलच्या दांडीवर हात ठेवला आणि पूर्ण पंजा तपकिरी झाला. "ओला आहे," तुम्ही म्हणालात. जावयाशी बोललेला तुमचा पहिला शब्द. मग रॉकेलचं फडकं आणलंत, ह्यांचा हात आपल्या हातात घेतलात आणि एकेक बोट पुसून काढलंत, नखांच्या कडेनेही. कितीतरी वेळ. तुम्ही दोघं एकमेकांकडे बघत नव्हता, हाताकडे बघत होता. नंतर वर जाऊन श्रीखंडपुरी जेवलो, आणि त्या दोन वर्षांबद्दल आपण पुढे कधीही बोललो नाही.

चैत्रात सायकल कशाला रंगवली, हे मला तेव्हा सुचलं नाही. आम्ही येणार म्हणून घर साफसूफ केलं तशीच सायकल, असं वाटलं. आता चेनकव्हरवर दिसतंय की तुम्ही ती स्वागतासाठी रंगवली नव्हती. मी बघू नये म्हणून झाकली होती. आणि मला तुमचा राग आला, अण्णा, खरोखरचा. दोन वर्षं तुम्ही ती पिवळी सायकल घेऊन कारखान्यात गेलात, भाजी आणलीत, गिरणीत दळण नेलंत. अख्ख्या डोंबिवलीने ती बघितली, फक्त मी बघितली नाही. आई रोज बघत होती आणि तीही मेली काही बोलली नाही. मी त्या दोन वर्षांत कल्याणच्या घरात भांडी घासताना रडायचे, की माझ्या बापाने मला पुसून टाकलं. एक पोस्टकार्ड टाकलं असतंत. तेवढंच लिहायचं होतं, सायकल पिवळी केली. मी अनवाणी आले असते.

गृहस्थ भिंग हातात धरून विचार करत होते. "पिवळा एवढा खाली, आणि दोन हात. काय असावं?" मला विचारत होते. सगळं सांगण्याची ती वेळ होती. सांगितलं असतं तर त्यांनी सायकलला हातही लावला नसता, त्या लोकांना अशा गोष्टींचं फार वेड. मी म्हटलं, "अस्तर असेल." ते एकदम खूश झाले. "अर्थात! झिंक क्रोमेट, ते पिवळंच असतं. कारखान्यातला माणूस, मध्येच कधीतरी नीट अस्तर दिलं असणार." ती मुलगी म्हणाली, "पण सर, प्रायमरला अशी चमक नसते ना?" आणि माझ्याकडे बघत राहिली. मी चहा करायला वर गेले. ठरलं ते असं, की सांगाड्याचा सगळा रंग उतरवायचा, मूळचा हिरवा द्यायचा, सोनेरी रेघ ओढायची आणि दोन्ही ब्रेक नीट लावून द्यायचे. ग्रुपवर सगळ्यांनी पसंतीचे अंगठे टाकले.

संध्याकाळी ह्यांना सांगितलं. हे आता फार बोलत नाहीत, पाय वर घेऊन बातम्या बघत असतात. त्यांनी टीव्ही बंद केला. "तुझ्या बापाने माझा हात पुसलेला ना, मी तेव्हाच समजलेलो. तुला आज कळतंय?" मग थोड्या वेळाने, "सांग त्यांना. नको घासू देऊस." मी म्हटलं, सांगते. सोमवार गेला, मंगळवार गेला. पॅकिंगचे खोके, बिल्डरचा माणूस, बँक, गॅसचा नंबर बदलणं. पण खरं तर वेळ नव्हता असं नाही. जे तुम्ही तुमच्या हाताने झाकलंत ते मी चारचौघांत उघडं करावं का, हेच मला ठरवता येत नव्हतं. आणि ते सगळं पुसून जावं हेही सोसवत नव्हतं. हे पत्र लिहायला घेतलं तेही तुम्हालाच विचारावं म्हणून. उत्तर येणार नाही, आणि आलं असतं तरी ते सर्कशीचंच आलं असतं.

शेवटी आज दुपारी मी त्या मुलीला फोन केला. म्हटलं, बाकी सगळं तुमच्या मनासारखं करा, हिरवी करा, रेघा ओढा, चार लोक बघतील, बरंच आहे. फक्त चेनकव्हर घासू नका. ते सोडवून मला परत द्या, नव्या घरात भिंतीला लावता येईल. ती म्हणाली, "हो काकू, नक्की. पण का?" तोंडापर्यंत आलं होतं. आता माझी साठी उलटली, तुम्ही नाही, आई नाही, कोणाची भीड उरलेली नाही, आणि तिने अगदी मायेने विचारलं होतं. तरी मी म्हटलं, त्याचा पत्रा फार पातळ झालाय गं, घासलात तर भोक पडेल.

खोटं होतं ते, अण्णा. पत्रा चांगला जाड आहे.