आश्विनातलं रामफळ

माय, आज मी वर्गात पुन्हा तोच धडा शिकवला, ज्याच्यावरून तू माझ्याशी आठ दिवस धड बोलली नव्हतीस. कोणतं फळ कुठून आलं, तो. भिंतीवर जगाचा नकाशा टांगला, पट्टीने समुद्र दाखवला आणि पोरांना सांगितलं की आपण ज्याला जाम म्हणतो तो पेरू, पपई, चिकू, अननस, सीताफळ ही सगळी मंडळी समुद्रापलीकडची, अमेरिकेतली, परदेशी लोकांच्या जहाजांतून इकडे उतरलेली. टरबूज आफ्रिकेचं, डाळिंब इराणकडचं. जुनंजाणतं आपलं म्हणावं तर आंबा, जांभूळ, बोर, कवठ, आवळा. मागच्या बाकावरच्या एका मुलीने हात वर केला. "मॅडम, मंग सीताफय सीतेचं नाई का?" बावीस वर्षांच्या नोकरीत हा प्रश्न दरवर्षी कोणीतरी विचारतंच आणि दरवर्षी मी हसून पुढे जाते. आज काही केल्या पुढे जाता येईना. पोरांना फळाची आकृती काढायला लावली आणि मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. तुला जाऊन बारा वर्षं झाली, आणि आठवण आली तीही चारचौघांत, हातात पट्टी असताना.

तूही सीताफळाला सीताफयच म्हणायचीस. खरं तर तुझं माहेर सातपुड्याच्या पलीकडचं, बऱ्हाणपूरकडचं, तिथली बोली वेगळी. पण जळगाव जामोदला लग्न होऊन आलीस आणि दोन वर्षांत अशी वऱ्हाडी बोलायला लागलीस की कोणाला शंका येऊ नये. आजीने तुझं नावही बदललं होतं. जुनं नाव मी लहानपणी एकदाच ऐकलं, मामाच्या तोंडून, आणि मला वाटलं तो दुसऱ्याच कुणाला हाक मारतोय. आठवडी बाजारात तुझी जागा ठरलेली होती, गोणपाट अंथरून दोन टोपल्या पुढ्यात. भाजी बारमाही, आणि फळं ज्या त्या मोसमाची. दसऱ्याच्या आगेमागे सीताफळं. डोंगराकडच्या बाया पाट्या भरून आणायच्या, तू एकेक फळ हातात घेऊन त्याचे डोळे उघडलेत का पाहायचीस आणि घरी कुटारात, धान्याच्या भुशात, पिकायला घालायचीस. स्वयंपाकघराच्या कोपऱ्यात ते कुटार असायचं. पोळ्या लाटता लाटता तू मध्येच नाक वर करायचीस आणि म्हणायचीस, "जाय, खालचे दोन काढ, झाले ते." मी हात घालायची, खालची दोन खरंच झालेली असायची. त्यातलं पिकून उललेलं, तडकलेलं फळ विकायला जायचं नाही, ते तुझं. उंबरठ्यावर बसून तू ते खायचीस, बिया एका गालात साठवत, आणि तेवढा वेळ घरात कोणी तुला हाक मारायची नाही असा अलिखित नियम होता. वनवासात सीतेने रामाला दिलं म्हणून सीताफळ, ही गोष्ट मी त्याच उंबरठ्यावर ऐकली.

त्याच टोपल्यांच्या जिवावर मी बी.एस्सी. झाले, मास्तरीण झाले, आणि शिकलेलं सगळं आधी तुझ्यावरच चालवलं. एकादशीला तू साबुदाणा भिजवलास की मी म्हणायची, हा बाहेरचा, शेंगदाणे बाहेरचे, बटाटा बाहेरचा, मिरचीसुद्धा बाहेरची, तुझ्या उपासात आपलं आहे काय? तू म्हणायचीस, "मंग खाऊ काय? तुहे पुस्तकं?" आणि आपण दोघीही हसायचो. तोवर सगळं गमतीत होतं.

मग तू काशीला गेलीस. गल्लीतल्या बायांनी मिळून गाडी केली होती. बाबा गेल्यानंतरची ती तुझी पहिली यात्रा, आणि कोणाला न विचारता ठरवलेली गोष्टही पहिलीच. परत आलीस त्या दिवशी मी माझ्या घरून, नांदुऱ्याहून, मुद्दाम आले होते. स्वयंपाकघरात तू गंगेचं पाणी वाटत होतीस, यात्रेतल्या चार जणी भिंतीला टेकून बसल्या होत्या. काशीला गेलं की आवडीचं एक फळ सोडून यायचं, पुन्हा जन्मात खायचं नाही, ही रीत मला माहीत होती. मी विचारलं, काय सोडलं? तू माझ्याकडे न पाहता म्हणालीस, "सीताफय."

मला इतका राग आला की काय सांगू. तुझ्या आयुष्यात तुझं म्हणावं असं होतंच काय, तो उंबरठा आणि ते उललेलं फळ, आणि तेच जाऊन पाण्यात सोडलंस! पण राग आला असं सरळ म्हणायचं सोडून मी वर्ग घ्यायला लागले. त्या बायांसमोर, हातवारे करून. म्हटलं, ज्या काळात हे नियम झाले त्या काळात काशीत काय, अख्ख्या हिंदुस्थानात सीताफळ नव्हतं. ते जहाजातून आलं. सीतेने ते कधी पाहिलंही नाही. तुझ्या देवाला हे फळच माहीत नाही, तर सोडलं काय आणि खाल्लं काय, तुझा नियम लागतच नाही. एक बाई तोंडाला पदर लावून हसली. त्या हसण्याने मला जोर आला आणि मी आणखी बोलले.

तू तांब्या खाली ठेवलास. "मी कोठची हो? पहाडाच्या पल्याडची. माह्या बापानं ठेवलेलं नाव या घरात कोनाले माहीत तरी हाय का? तुह्या आजीनं नाव देल्लं, त्या नावानं मी अठी जन्म काढला. मंग मी परकी का वो? आलं असन ते जहाजातून. आता त्याचं नाव सीताफय हाय." मी काहीतरी बोलायला तोंड उघडलं, तर म्हणालीस, "अन् शब्द मी फयाले नाई देल्ला, गंगेले देल्ला. तू शायेत शिकव, पोरी. माह्या चुलीपाशी नको शिकवू."

त्यानंतर सात सीझन तू सीताफळं विकलीस. कुटारात घातलीस, वासावरून काढलीस, माझ्या पोरांना मांडीवर बसवून गर भरवलास. बोटं बरबटली की कोणीही चाटेल, तू उठून मोरीवर जायचीस आणि हात धुऊन यायचीस. मी पाहायची आणि मनात म्हणायची, हट्टी बाई. कौतुक वाटत नव्हतं असं नाही, पण ते मी तुझ्यापर्यंत पोहोचू दिलं नाही.

शेवटच्या दुखण्यात मी तुला नांदुऱ्याला घेऊन आले. जेवण तुटलं होतं. वरणाचं पाणी नको, पेज नको, मोसंबीचा रस ओठाशी नेला की तोंड फिरवायचीस. डॉक्टर म्हणाले, आता पथ्य नाही, जे जाईल ते द्या. आश्विन महिना होता, बाजारात जिकडे तिकडे सीताफळंच. एके दुपारी मी चार चांगली निवडून आणली, गर चाळणीतून काढला, एक बी राहू दिली नाही, थंड दुधात कालवला आणि वाटी घेऊन तुझ्या उशाशी बसले. तू वासाने डोळे उघडलेस. "कायचं हाय?"

मी म्हणाले, "रामफळ आहे, माय. तू रामफळ थोडंच सोडलंय?"

वाटेत येतानाच मी हे ठरवून ठेवलं होतं. दोन्ही एकाच कुळातली, चुलत बहिणी म्हणाव्यात अशी, गर दुधात मिसळल्यावर कोणाला काय कळणार? तू माझ्याकडे बराच वेळ पाहिलंस. आजाऱ्याची नजर तशी असते, असं मला वाटलं. मग म्हणालीस, "बरं," आणि तोंड उघडलंस. महिन्याभरात पहिल्यांदा तू पूर्ण वाटी संपवलीस, हळूहळू, डोळे मिटून. तोंड पुसलं तर माझ्या मनगटावर हात ठेवून म्हणालीस, "रामफय चांगलं हाय वो पोरी." पुढचे अकरा दिवस मी रोज तेच आणलं. रोज मी रामफळ म्हणायची, रोज तू बरं म्हणायचीस. मग एक दिवस चमचा तसाच राहिला.

तेरवीला यात्रेतल्या त्या बाया आल्या होत्या. ताटात आवडीचं म्हणून कोणीतरी सीताफळ ठेवायला निघालं तर त्यांनी हात धरला. "नाई वो, तिनं सोडलं होतं. शेवटलोक शब्द पायला बाईनं." सगळ्यांनी माना हलवल्या. मीही हलवली. आत मला वाईट वाटत होतं आणि एक समाधानही होतं, खोटं कशाला बोलू. वाटत होतं, तुझं पोट निवलं आणि तुला कळलंही नाही. न कळता झालेलं तुला लागत नाही. पाप असलंच तर ते माझं, आणि माझा पापावर विश्वास नाही. एवढं सगळं मी कसं नीट बसवलं होतं, चोख हिशेबी मास्तरणीसारखं.

मग होळीच्या आधी, शाळेतून येताना, स्टेशनकडच्या रस्त्यावर एक म्हातारी टोपलं घेऊन बसलेली दिसली. तांबूस, गुळगुळीत फळं. मी विचारलं, हे काय आहे? तिने मला वरपासून खालपर्यंत पाहिलं. "रामफय हाय, मॅडम." मी उगाचच विचारलं, दिवाळीत नव्हतं का आणलं? ती हसायलाच लागली. "दिवाळीले कोठचं रामफय, बाई? दिवाळीले सीताफय. हे होळीच्या अंगानंच येते. लेकराले बी माहीत हाय."

माय, मला माहीत नव्हतं. तुझ्या टोपल्यांत रामफळ कधी आलंच नव्हतं. पुस्तकात दोघांचं कूळ दिलेलं होतं, पानं कशी, बिया कशा, कुठून आली, सगळं. महिना दिलेला नव्हता. आणि तू तर उभा जन्म बाजारात मोसम पाहून टोपल्या भरल्या होत्यास. आश्विनात रामफळ नसतं हे तुला माहीत नसेल? पहिला चमचा तोंडाशी आला त्याच्याही आधी, मी शब्द उच्चारला तेव्हाच तुला कळलं होतं. तरी तू बरं म्हणालीस. गंगेला दिलेला शब्द तू मोडलास, जाणूनबुजून, बारा दिवस. मी त्या भर रस्त्यात रडले. म्हातारी घाबरून म्हणाली, "बसा बाई, पानी पेता का?"

तेव्हापासून तुला एकच विचारायचं आहे. भूक होती, जीव ओढत होता म्हणून खाल्लंस का? तसं असेल तर मला आनंदच आहे. की लेकीचं खोटं उघडं पडू नये म्हणून खाल्लंस? दुसरं असेल तर तुझं एवढं एकच स्वतःचं होतं, काशीत कोणाला न विचारता दिलेला तो शब्द, आणि तोही मी तुझ्याकडून घेतला. कधी रात्री, कधी दिवसा मी यातलं एक निवडते आणि पुन्हा दुसऱ्यावर येते. भावाला सांगितलं नाही, नवऱ्याला नाही. हे कागदही वहीतच राहतील, तपासायच्या वह्यांच्या खाली, कारण वाचून दाखवू तरी कोणाला?

आणि एक कबूल करायचं राहिलं. त्या म्हातारीकडून मी एक रामफळ घेतलं आणि घरी ओट्यापाशी उभी राहून खाल्लं. रवाळ, किंचित कडवट, वास अगदीच वेगळा. दुधात घाल नाहीतर आणखी कशात, सीताफळ म्हणून ते कोणाच्या गळी उतरणार नाही, आणि सीताफळ त्याच्या नावावर खपणार नाही. तोवर दहा वर्षं मी वर्गात रामफळ शिकवत होते, माय. तोंडात घातलं ते त्या दिवशी पहिल्यांदा.