हेल्परचा बिल्ला

सोमवार, सकाळ

प्रिय दादा,

नमस्कार. घरी सगळं ठीक असेलच. वहिनीच्या गुडघ्याची चौकशी वेगळी करीन.

पत्राला कारण, बिल्ल्याची पिन. दुकानातल्या सगळ्यांना पितळी बिल्ले करायचं ठरवलंस, इथवर ठीक. पण पिना मागवल्यास त्या स्वस्तातल्या. माझ्या निळ्या कुर्त्याची चाळणी झाली आहे. पिन टोचली की मी खाली बघते, आणि दर वेळी तिथे तेच लिहिलेलं असतं. एका माणसाने सोसायचं तरी किती?

समोरासमोर बोलले असते, पण तू मध्येच फोन घेतोस.

इतकी वर्षं आपल्या दुकानात बसून मी लोकांच्या दारांवरच्या पाट्या कोरते आहे. इंग्रजी मला शाळेने कमी आणि पाट्यांनी जास्त शिकवलं. कामाच्या शेपटीला 'अर' जोडला की माणूस तयार: पेंटर, बँकर, लेक्चरर. 'इस्ट' लागला की फी वाढते, डेंटिस्टला विचार. आणि 'ई' लागला की समजावं, करणारा दुसराच, याने मुकाट करून घ्यायचं: ट्रेनी.

मग बिल्ल्यांची पाळी आली. स्वतःसाठी तू 'प्रोप्रायटर' सांगितलंस. तुझ्या चिरंजीवांसाठी 'मॅनेजर'. त्याला कोरणी धरायला मीच शिकवलं, आणि त्याचा 'एस' अजून पाय घसरल्यासारखा पडतो. माझ्या बिल्ल्यावर काय, असं विचारलं तर मान वर न करता म्हणालास, "तुझं काय, हेल्पर टाक."

टाकलं. स्वतःच्या हाताने कोरलं, अक्षरांच्या खाचांत काळी लाख भरली, घासून चकचकीत केलं. सगळ्यांत सुबक बिल्ला तोच निघाला. वहिनी म्हणाली, "अगं, एका शब्दाचं काय एवढं घेऊन बसलीस?" ज्या घराची चूल शब्दांवर पेटते, त्या घराने तरी हे बोलू नये.

आता पिनेआड लपत नाही. कोपऱ्यावरच्या शिंप्याची पुढची खोली मी भाड्याने घेतली आहे. दारावर पाटीही लागली. वर माझं नाव, खाली माझं कोरायचं काम: 'एन्ग्रेव्हर'. अमुक यांची बहीण असं कुठेही लिहिलेलं नाही. तू समजूत काढायला येशील, लोक काय म्हणतील असं विचारशील. लोक पाटी वाचतील, दादा. त्यासाठीच ती लावतात.

तुझं काम अडवून जात नाहीये. डेंटिस्टची पाटी पॉलिश करून फडक्यात गुंडाळून ठेवली आहे. हेल्परचा बिल्ला तुझ्या टेबलावर आहे. पिन जपून.

त्याच्या शेजारी आणखी एक पाटी आहे, ती कुणी सांगितलेली नव्हती. मी शाळेत असताना, एका दुपारी बाबा झोपले होते तेव्हा तू माझा हात धरून पितळेवर पहिला 'ए' काढून घेतला होतास. मुलीच्या हातात कोरणी दिली म्हणून बाबा तुझ्यावर केवढे चिडले होते. तरी दुसऱ्या दुपारी तू मला 'बी' काढायला बसवलंस.

पाटीवर 'टीचर' आहे. लावायची की नाही ते तुझं तू ठरव. माझ्याकडे त्या दुपारचं एवढंच द्यायचं राहिलं होतं.

तुझी धाकटी बहीण,
एन्ग्रेव्हर